भुलीखालच्या बाईचा होकार

गंगापूर रोड, नाशिक
३ ऑगस्ट २०२५

प्रिय मंजू,

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "अगं, भुलीखालच्या बाईला काय कळतंय? शिकणाऱ्या पोरांनी एकेकदा आतून तपासून बघितलं तर तिचं काय जातं?" तेवढ्यात तुला लेबर रूममधून बोलावणं आलं आणि विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेलेला नाही. तुमच्या मेडिकल कॉलेजच्या संमतीपत्राचा नवा मसुदा तुझ्या गळ्यात पडलाय, म्हणून हे सविस्तर लिहूनच पाठवते. आज रविवार, पावसाची झड लागली आहे आणि उद्याच्या श्रावणी सोमवारची त्र्यंबक रोडवरची गर्दी आजच सुरू झाली आहे. त्यामुळे घराबाहेर पडायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

तू ते वाईट मनाने बोलली नाहीस, हे मी तुला सांगायला नको. तुझी अडचण खरी आहे. गर्भाशय कुठे झुकलंय, गाठ केवढी आहे, हे पुस्तकात वाचून बोटांना कळत नाही. भुलीखाली पोटाचे स्नायू सैल असतात, बाईला दुखत नाही, ती अंग आखडून घेत नाही. शिकणाऱ्याच्या हाताला सगळं नीट लागतं. हे सगळं मान्य. तरीही तुझ्या त्या वाक्याला माझी हरकत आहे, आणि ती आहे भूल देणारी म्हणून.

मागच्या महिन्यात दिंडोरीकडची एक बाई पिशवी काढायच्या ऑपरेशनला आली होती. द्राक्षबागेत मजुरीला जाणारी. जोडवी आणि मंगळसूत्र रुमालात बांधून तिने सासूकडे दिलं होतं. टेबलावर घेतल्यावर मी दंडाला बीपीचा पट्टा बांधत होते, बोटाला चिमटा लावत होते, तेवढ्यात तिने माझा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, "ताई, मला भूल चढल्यावर आत किती जण असतील? माझ्या अंगावरची चादर राहील ना?" दुखेल का, हे तिने विचारलं नाही. शुद्धीवर येईन ना, हेही नाही. मी तिला एकेक माणूस दाखवला. या मॅडम ऑपरेशन करणार, हे त्यांचे मदतनीस, या सिस्टर, हा वॉर्डबॉय, आणि मी तुझ्या डोक्याशी. चादर ऑपरेशनपुरतीच बाजूला होईल, हेही सांगितलं. तिने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "बरं."

मग मी प्रोपोफॉल हे भुलीचं औषध दिलं. पापणीच्या केसांना बोट लावून पाहिलं, पापणी हलली नाही. डोळे मिटवून वर चिकटपट्टी लावली, श्वासनळीत ट्यूब घातली. तिथून पुढे तिचा श्वाससुद्धा मशीनवर. ती झोपली ती त्या "बरं"च्या भरवशावर. त्यानंतर दार उघडून सहा विद्यार्थी आत आले असते आणि ओळीने हातमोजे चढवून उभे राहिले असते, तर मी तिला दिलेला शब्द खोटा झाला असता. तिला कधी कळलंच नसतं म्हणून तो खरा ठरत नाही. तिचं काय जातं, या तुझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे: तिने नेमकं जे विचारून घेतलं होतं, तेच जातं.

आपल्या सुप्रीम कोर्टाने या धर्तीचा एक निकाल देऊन ठेवलाय, तो तुझ्या समितीपुढे ठेवच. समीरा कोहली खटला, १६ जानेवारी २००८. दिल्लीतली चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलीखाली होती. आत काय आहे ते दिसल्यावर डॉक्टरांना वाटलं, गर्भाशय आणि बीजकोश काढलेलेच बरे. बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि काढून टाकले. डॉक्टरांचा हेतू उपचाराचाच होता. पण कोर्ट म्हणालं की पेशंट सज्ञान आहे, फक्त तात्पुरती बेशुद्ध आहे आणि जिवाला धोका नाही, तेव्हा आईची सही चालणार नाही. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. जिथे पेशंटच्याच भल्यासाठी केलेली गोष्ट चालली नाही, तिथे दुसऱ्याच्या शिक्षणासाठी केलेली कशी चालेल, तूच सांग. अमेरिकेतही हा वाद वर्षानुवर्षं चालला. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या केंद्रीय आरोग्य खात्याने रुग्णालयांना कळवलं की भुलीखाली अशी नाजूक तपासणी करायची असेल, विद्यार्थ्यांकडून तर नक्कीच, तर आधी लेखी संमती हवी.

आणि एक गोष्ट तुला बोचेल, पण लिहितेच. आपण दोघी शिकलो ते कोणाच्या अंगावर? जनरल वॉर्डातल्या बायकांच्या. स्पेशल रूममधल्या पेशंटच्या टेबलाभोवती विद्यार्थ्यांचा घोळका मी कधी पाहिला नाही. जिला केसपेपर वाचता येत नाही, जिच्याबरोबर प्रश्न विचारणारं कोणी नाही, तीच शिकवायला सोयीची. मेल्यावरही तेच: १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याने बेवारस प्रेतं वैद्यकीय कॉलेजांना देता येतात. देहदानाचा फॉर्म भरून आपणहून देह देणारे वेगळे, आणि कोणी न्यायला आलं नाही म्हणून टेबलावर पोचलेले वेगळे. दोघांपासून आपण सारखंच शिकतो. म्हणूनच जो अजून जिवंत आहे, ज्याला अर्ध्या तासापूर्वी विचारता येत होतं, त्याला न विचारण्याला माझ्याकडे कुठलीच सबब उरत नाही.

आता तर हातात मोबाईल आलेत. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) एक तरुण डॉक्टर पोटातून काढलेल्या भल्या मोठ्या गाठीचा व्हिडिओ करत होता. गाठीबरोबर टेबलावरच्या बाईचं उघडं पोट आणि तिच्या हातावर गोंदलेलं नाव स्पष्ट दिसत होतं. डॉक्टरांच्या ग्रुपवरच टाकतोय, म्हणाला. मी त्याला सगळ्यांसमोर ते पुसायला लावलं. थोडी कटुता आली, येऊ दे. तुझ्या मसुद्यात फोटो-व्हिडिओची ओळ वेगळी घाल, शिकवण्याच्या ओळीत ती गुंडाळू नकोस.

हे झालं तासा-दोन तासांच्या बेशुद्धीचं. लांबलेल्या बेशुद्धीत प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तिथे "आधी विचारू" म्हणायची सोय नसते. कोमातला पेशंट आत किती जागा आहे हे आपण बाहेरून सांगतो ना, त्याबद्दल मला आता पूर्वीइतकी खात्री वाटत नाही. २००६ साली एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतिवत अवस्थेतल्या (डोळे उघडे, पण भान नाही अशा) एका तरुणीला एमआरआयमध्ये ठेवून सांगितलं, तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. तिच्या मेंदूचा तोच भाग उजळला जो शुद्धीतल्या माणसाचा उजळतो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मोठा अभ्यास आला: सांगितलेल्या गोष्टीला बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांचा मेंदू आतून सूचना पाळत होता. चौघांत एक, मंजू. तेव्हापासून आयसीयूत पेशंटच्या उशाशी उभं राहून बोलताना मी जीभ सांभाळते, आणि सक्शन करायच्या, म्हणजे घशातला कफ ओढून काढायच्या आधी त्याला नावाने हाक मारून सांगते की आता घशात नळी जाईल.

अरुणा शानबाग आठवतात ना, हल्ल्यानंतर भान हरपलेल्या नर्स? २७ नोव्हेंबर १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत मुंबईच्या केईएम रुग्णालयात. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोअर होऊ दिला नाही तिथल्या सिस्टर्सनी. तिला इच्छामरण नाकारणाऱ्या २०११ च्या निकालावर आपण दोघी किती भांडलो होतो! जगवणं बरोबर की जाऊ देणं बरोबर, यावर आपलं अजूनही जुळणार नाही. पण तिथे ज्या हातांनी तिच्या शरीराला स्पर्श केला, तो तिच्यासाठी केला, यावर तू आणि मी एकच बोलू. मला रेघ तिथेच दिसते. बेशुद्ध माणसाला त्याच्या स्वतःच्या जिवासाठी हात लावायचा तर कायदाही थांबवत नाही. अपघाताचा पेशंट आला की सहीची वाट न बघता मी ट्यूब घालते. दुसऱ्या कोणासाठी हात लावायचा असेल, मग ते शिक्षण असो, संशोधन असो की अवयव, तर त्या माणसाचा स्वतःचा शब्द हवा. तो नसेल, तर त्याला ओळखणाऱ्यांनी त्याच्या वतीने प्रामाणिकपणे दिलेला.

अवयवदानात आपल्याकडे हे बऱ्यापैकी पाळलं जातं. आडगाव नाक्याजवळ गाडीवरून पडलेल्या एका तरुणाच्या ब्रेन-डेथ (मेंदू कायमचा बंद पडल्याच्या) तपासणीला मी होते. चार डॉक्टरांचं मंडळ, त्यात प्रत्यारोपणाच्या टीममधला कोणी चालत नाही, आणि दोन तपासण्यांत किमान सहा तासांचं अंतर. ॲप्नियाची, म्हणजे स्वतःहून श्वास येतो का ते बघायची चाचणी तू केलेली नसशील. व्हेंटिलेटर सोडवायचा, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवायचा, आणि छातीवरचं पांघरूण काढून टक लावून बघत उभं राहायचं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब साठ मिलिमीटरपर्यंत चढतो, आणि छाती हलत नाही. एकदाही नाही. पुन्हा मशीन जोडलं की छाती वरखाली व्हायला लागते, अंग गरम असतं, लघवीची पिशवी भरत असते. बाप दारातून ते बघत होता. "मॅडम, श्वास तर चाललाय," म्हणाला. मी त्याला खुर्चीवर बसवून सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला की ग्रीन कॉरिडॉरची (अवयव नेण्यासाठी रस्ता मोकळा केल्याची) बातमी बघताना पोरगा एकदा म्हणाला होता, माझं काही झालं तर देऊन टाका. डोनर कार्ड नव्हतं, पण त्या पोराचा शब्द होता, आणि बापाने तो राखला. त्या होकाराबद्दल माझ्या मनात कधी किंतु आला नाही.

किंतु येतो तो त्यापुढच्या गोष्टींचा. २०२२ मध्ये ओस्लो विद्यापीठातल्या ॲना स्माजदोर यांनी एका लेखात असं मांडलं की अवयव देता येतात, तर ब्रेन-डेड बाईला आधी दिलेल्या संमतीवर दुसऱ्याचं मूल वाढवण्यासाठी मशीनवर का ठेवू नये? जगभर गदारोळ झाला. तर्क वाचताना मला सरळ उत्तर सापडेना, हे खरं. पण अवयव काढून घेतात आणि एक-दोन दिवसांत देह घरी देतात. बाप खांदा देतो, गोदाघाटावर दहावं होतं. इथे महिनोन्महिने ते शरीर कुणाच्या तरी उपयोगासाठी चालू ठेवायचं, आणि घरच्यांनी रडायचं कधी? याच वर्षी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ॲड्रियाना स्मिथ नावाच्या तीस वर्षांच्या नर्सला फेब्रुवारीत ब्रेन-डेड जाहीर केलं. ती गरोदर होती. तिथल्या गर्भपाताच्या कायद्याचा हवाला देऊन जूनपर्यंत तिला मशीनवर ठेवलं, १३ जूनला सिझेरियन झालं आणि चार दिवसांनी व्हेंटिलेटर काढला. तिची आई एवढंच म्हणत होती की निर्णय आम्हाला घेऊ द्यायला हवा होता. बाळ जगावं असं मलाही वाटतं. पण तिची काय इच्छा असती हे घरच्यांना विचारायचं दारच बंद केलं, हे मला पटत नाही. आणि आधीची सही असली, तरी तिचा अर्थ सही करणारा गेल्यावर इतरांनी वाढवत नेऊ नये.

आता तुझ्या मसुद्याबद्दल. विद्यार्थ्यांच्या तपासणीची ओळ ऑपरेशनच्या संमतीत मिसळू नकोस, खाली वेगळी सही घे. मराठी साधं असू दे: "भूल दिल्यावर शिकणारे डॉक्टर मला तपासतील. किती जण: ____. मला चालेल / चालणार नाही. नाही म्हटलं तरी माझ्या उपचारात फरक पडणार नाही." ही सही ऑपरेशन थिएटरच्या दारात घ्यायची नाही, आदल्या दिवशी वॉर्डात घ्यायची, सासू-नवऱ्याला जरा बाजूला बसवून. आणि जो विद्यार्थी तपासणार, त्यानेच जाऊन नाव सांगून विचारायचं. तुला भीती आहे की सगळ्या नाही म्हणतील. माझा अनुभव वेगळा आहे. समोर येऊन "मावशी, मी शिकतोय, मला तपासू द्याल का?" असं विचारलं की बायका बहुतेक वेळा हो म्हणतात, वर "नीट शीक बाबा" असंही म्हणतात. बाकीचा सराव स्किल्स लॅबमधल्या पुतळ्यांवर होऊ दे. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात त्यासाठीच तर सोय केली आहे.

शेवटचं, तुझ्याकडे काम आहे. मी माझं वैद्यकीय इच्छापत्र लिहायला घेतलंय. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. मी त्यात लिहिलंय: अवयव, डोळे, त्वचा सगळं घ्या. प्राण गेल्यावर ट्यूब घालायला शिकायचं असेल तर नव्या पोरांना माझ्यावर शिकू द्या. परतीची आशा नसेल तर मशीनवर ठेवू नका, आणि अवयव काढण्यापुरता वेळ सोडून एक दिवसही जास्त नको. एक साक्षीदार म्हणून मला तू हवी आहेस. गणपती झाले की दोन दिवस काढून ये. सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाबाहेर नोटरी बसतात, सकाळी गेलो तर तासाभरात होईल, आणि एक प्रत महापालिकेतल्या अधिकाऱ्याकडे द्यायची आहे तीही त्याच दिवशी देऊन टाकू. आधार कार्ड घेऊन ये. मसुदाही बरोबर आण, बसून एकेक ओळ बघू.

तुझी,
सुधा