फ्योर्डची सफर निवडताना जहाजाआधी मार्ग पाहावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नॉर्वेच्या फ्योर्डांच्या, म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांच्या, सागरी सफरींच्या जाहिराती अलीकडे सातत्याने येत आहेत आणि इंदुरातील मराठी मंडळींमध्ये, विशेषतः निवृत्त जोडप्यांमध्ये, त्यांविषयी बरीच चर्चा ऐकू येते. या जाहिरातींत जहाजाचे मजले, तरणतलाव, नाट्यगृह आणि जैन भोजनाची सोय यांचे सविस्तर वर्णन असते. मात्र जहाज नेमक्या कोणत्या फ्योर्डमध्ये, कितपत आत आणि कोणत्या वेळी शिरणार, हे क्वचितच सांगितलेले असते. माझ्या मते निवड याच माहितीवरून व्हायला हवी.

हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांत समुद्राचे पाणी शिरून फ्योर्ड तयार झाले. नॉर्वेतील सोग्नेफ्योर्ड समुद्रापासून २०० किलोमीटरहून अधिक आत जातो आणि त्याची कमाल खोली १,३०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे त्याच्या मुख्य पात्रात कितीही मोठे जहाज सहज जाते. परंतु ज्या दृश्यासाठी आपण एवढा खर्च करतो, ते बहुतांशी त्याच्या अरुंद फाट्यांत असते. त्यांपैकी नेरॉयफ्योर्ड सर्वांत चिंचोळ्या जागी जेमतेम २५० मीटर रुंद आहे. तो आणि गायरांगरफ्योर्ड हे दोन्ही २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तीन-चार हजार प्रवाशांचे जहाज सोग्नेफ्योर्डमध्ये येते ते सहसा शेजारच्या ऑरलँड्सफ्योर्डमधील फ्लॉम या गावी. नेरॉयफ्योर्ड पाहायचा तर तिथून गुडवांगेनला जाणारी विजेवरची लहान बोट घ्यावी लागते आणि तिचे तिकीट बहुधा सफरीच्या दरात धरलेले नसते. काही कार्यक्रमपत्रिकांत तर फ्योर्ड म्हणून केवळ बर्गन आणि स्टाव्हांगर यांची नावे असतात. ही दोन्ही शहरे पाहण्याजोगी आहेत यात शंका नाही, पण ती किनाऱ्यावरची बंदरे आहेत.

वेळेचा प्रश्नही असाच दुर्लक्षित राहतो. गायरांगरफ्योर्डची लांबी सुमारे १५ किलोमीटर आहे आणि जहाज अनेकदा भल्या पहाटे आत शिरते. जूनमध्ये तिथे पहाटे चारच्या सुमारास उजाडत असल्याने लवकर उठणाऱ्याचे काही बिघडत नाही, परंतु न्याहारीनंतर डेकवर येणाऱ्याला तोवर धक्का दिसू लागलेला असतो. अर्थात, मोठे जहाज आल्या वाटेनेच परतत असल्यामुळे दोन्ही काठ दोन्ही बाजूंनी दिसतात, आणि म्हणून ‘डावीकडची खोली घ्या की उजवीकडची’ या प्रश्नावर आपल्याकडे जो काथ्याकूट चालतो तो मला अनाठायी वाटतो. वरच्या मोकळ्या डेकवरून जे दिसते ते बाल्कनीतून दिसत नाही. बाल्कनीसाठी मोजायचे जादा पैसे वाचवून ते किनाऱ्यावरील सहलींना वापरावेत, हे अधिक शहाणपणाचे.

महिना निवडताना मात्र आपली सवय आड येते. आपण पातालपाणीला पावसाळ्यात जातो, कारण धबधब्याला पाणी तेव्हाच असते. गायरांगरचा ‘सात बहिणी’ हा धबधबा वितळत्या बर्फावर पोसला जातो, म्हणून तो मे-जूनमध्ये भरात असतो आणि उन्हाळा सरत आला की रोडावतो. दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांना तिथे आखूड दिवस मिळतील. मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा असेल तर आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस जावे लागते आणि बर्गन त्याच्या बरेच दक्षिणेस आहे. बर्गनमध्ये वर्षातील दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो, हेही जाहिरातींत कोणी लिहीत नाही.

ज्यांना जहाजावरच्या करमणुकीचे फारसे अप्रूप नाही, त्यांनी किनारी मार्गाचा विचार अवश्य करावा. १८९३ मध्ये टपाल, माल आणि प्रवासी नेण्यासाठी सुरू झालेला हा मार्ग बर्गनहून रशियाच्या सीमेजवळील किर्केनेसपर्यंत जातो, वाटेत ३४ बंदरे घेतो, आणि जाऊन-येऊन सुमारे बारा दिवस लागतात. यावरची जहाजे आटोपशीर असल्यामुळे हवामान अनुकूल असल्यास लोफोटेन बेटांजवळच्या ट्रोलफ्योर्डमध्येही शिरतात, ज्याचे तोंड अवघे शंभर मीटर रुंद आहे. शाकाहारी जेवण आधी कळवून ठेवावे लागते आणि ते एकसुरी असण्याची शक्यता धरून चालावे. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीवर वाढलेल्या जिभेला हे जड जाईल खरे.

व्हिसाबाबत एवढेच की नॉर्वेला शेंगेन (युरोपातील बऱ्याच देशांचा सामाईक) व्हिसा चालतो, पण जहाज साउदॅम्प्टनहून सुटत असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. शिवाय उत्तर समुद्र ओलांडण्यात जाताना-येताना किमान एकेक दिवस खर्ची पडतो, आणि आठवड्याच्या सफरीत तो थोडाथोडका नव्हे. नॉर्वेचीच, पण दूर उत्तरेकडील स्वालबार्ड बेटे शेंगेनच्या बाहेर असल्याने तिथे जाऊन परतणाऱ्यांना अनेक प्रवेशांचा व्हिसा घ्यावा लागतो.

आणखी एका बदलाची नोंद घ्यायला हवी. नॉर्वेच्या संसदेने २०१८ मध्ये वारसा-फ्योर्ड प्रदूषणमुक्त करण्याचा ठराव केला. पुढे झालेल्या नियमांनुसार १ जानेवारी २०२६ पासून १०,००० ग्रॉस टनांखालील प्रवासी जहाजांना तिथे शून्य उत्सर्जनाची अट लागू झाली आणि त्याहून मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत मिळाली. म्हणजे लहान जहाजाने जाणाऱ्यांनीच आज अधिक चौकशी करायची, असा हा काहीसा उलटा न्याय आहे. जुन्या माहितीपत्रकावर विसंबून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी चालू वर्षाचा मार्ग लेखी मागावा.

आपल्या पुरवणीने अशा जाहिराती स्वीकारताना फ्योर्डचे नाव, तिथे शिरण्याची व निघण्याची वेळ आणि धक्का नसल्यास लहान होडीतून उतरावे लागेल की काय, एवढी माहिती छापण्याची अट घालावी, अशी विनंती आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आमच्यासारख्या वाचकांना यांतील शेवटची बाब सर्वांत आधी हवी असते.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर