ड्रिल मशीनवर हातमोजे नकोत, व्हाइस हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

खंडेनवमी तोंडावर आली आहे. गोव्यातील वेर्णा, कुंडई, मडकई, बेतोडा येथील औद्योगिक वसाहतींबरोबरच पेडण्यापासून काणकोणपर्यंत रस्त्यालगत ग्रील आणि गेट बनवणाऱ्या लहान शेडमध्येही त्या दिवशी यंत्रे धुऊन-पुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातील. या शेडमध्ये वेल्डिंग आणि ग्राइंडरच्या धोक्याची जाण बऱ्यापैकी आहे, कारण तिथे ठिणग्या उडताना दिसतात. कोपऱ्यातली ड्रिल मशीन मात्र सर्वांना साधी वाटते आणि नव्या पोराच्या हाती पहिल्या दिवशी तीच दिली जाते. यंत्रशाळेत उभी हयात काढलेला माणूस म्हणून या मशीनविषयी काही गोष्टी आपल्या दैनिकातून वर्कशॉपच्या मालकांपर्यंत पोहोचाव्यात, यासाठी हे पत्र.

पहिली गोष्ट हातमोज्यांची. हल्ली अनेक मालक कामगारांच्या काळजीपोटी सुती हातमोजे वाटतात. पत्रा उचलताना किंवा नुकताच कापलेला अँगल वाहून नेताना ते हवेतच. पण फिरत्या ड्रिलपाशी तेच मोजे घातक ठरतात. सहा मिलिमीटरचे बिट, म्हणजे भोक पाडणारे पाते, साध्या लोखंडात मिनिटाला सुमारे १,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला तेवीसहून अधिक. मोज्याचा एक सुटा धागा बिटाच्या खाचेत अडकला, तर तो लक्षात येऊन हात मागे घ्यायला लागणाऱ्या सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात मोजा बिटाभोवती चार-पाच वेढे घेऊन मोकळा होतो आणि त्याच्यासोबत बोटही ओढले जाते. उघड्या बोटाला बिट लागले तर जखम होते, पण हात सुटण्याची शक्यता तरी उरते. हीच गोष्ट लांब बाह्यांची, ओढणीची, मोकळ्या केसांची, अंगठीची आणि मनगटावरच्या गंड्या-दोऱ्यांची. दोऱ्यामागची श्रद्धा मी जाणतो, म्हणून एवढेच सुचवतो की तो दंडावर, बाहीच्या आत बांधावा.

दुसरी गोष्ट जॉब, म्हणजे भोक मारायचा तुकडा, धरण्याची, आणि सर्वांत जास्त हयगय इथेच होते. अलीकडे फोंडा परिसरातील एका शेडमध्ये सोळा-सतरा वर्षांचा दिसणारा एक मुलगा वीतभर लांबीची लोखंडी पट्टी डाव्या हाताने टेबलावर दाबून भोक मारत होता. मशीनचा व्हाइस, म्हणजे जॉब आवळून धरणारा शिकंजा, टेबलाखाली गंजत पडला होता आणि त्यावर रेड ऑक्साइडचा डबा ठेवलेला होता. भोक आरपार होण्याच्या क्षणी खाली उरलेला पातळ थर एकदम फाटतो, बिटाच्या धारा त्या कडेत रुततात आणि पट्टी बिटाबरोबर गरकन फिरते. त्या क्षणी मनगटाचे बळ मोटरपुढे टिकत नाही. म्हणून जॉब व्हाइसमध्ये पक्का आवळावा आणि व्हाइसही टेबलाला बोल्टने जखडावा. लांब पट्टी असेल तर तिचे डावे टोक मशीनच्या खांबाला डावीकडून टेकवून ठेवावे. बिट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरते, त्यामुळे पट्टी सुटलीच तर ती खांबावर अडते, माणसाच्या पोटावर येत नाही. पातळ पत्रा दोन फळ्यांच्या मध्ये आवळूनच भोकावा. आणि बिट पार होत आले की हँडलवरचा जोर कमी करावा.

गतीकडेही सहसा कोणी पाहत नाही. बारा मिलिमीटरच्या बिटाला साध्या लोखंडात ७०० च्या आसपास फेरे पुरतात, वीसच्या बिटाला ४०० च्या आसपास. पण पुलीवरचा पट्टा बदलण्याचा कंटाळा म्हणून सगळी भोके एकाच गतीवर मारली जातात. आपल्या खाऱ्या हवेमुळे आता रेलिंगला स्टेनलेस स्टील मागितले जाते, आणि त्याला याच्या निम्मी गती लागते. जास्त गतीवर बिट नुसते घासत राहिले की तो भाग कडक होतो, मग कामगार हँडलवर अंगाचा सगळा भार टाकतो, आणि बिट तुटून तोंडाकडे उडते. गॉगल त्यासाठी हवा. पट्टा बदलताना प्लग काढावा, झाकण परत लावावे, बिट पकडणाऱ्या चकची चावी चकमध्ये कधीही ठेवू नये. लोखंडाचा कीस ब्रशने काढावा, हाताने किंवा फुंकरीने नव्हे.

पावसाळ्यात वीज जाते आणि अचानक परत येते, तेव्हा साध्या बटणावर जोडलेली मशीन आपोआप सुरू होते. कामगार त्याच वेळी बिट बदलत असेल तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर बसवला की वीज आल्यावर हिरवे बटण दाबेपर्यंत मशीन फिरत नाही. ओल्या जमिनीवर हातातले ड्रिल वापरणाऱ्यांनी अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. मोठ्या ड्रिलचे बाजूचे हँडल काढून ठेवू नये.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमात विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना मानण्यासाठी किमान १० कामगारांची अट होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती २० झाली. तीन-चार माणसांची शेड या व्याख्येत कधीच बसली नाही. म्हणून माझी विनंती अशी की, राज्याच्या कारखाने व बाष्पक खात्याने फर्मागुढी, म्हापसा, मडगाव येथील आयटीआयच्या मदतीने, ज्यांनी आयटीआयचे तोंड पाहिलेले नाही अशा हेल्परांसाठी रविवारी अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि ते कोकणी, मराठी, हिंदी व कन्नडमधून व्हावे, कारण या शेडमध्ये बरेच कामगार परराज्यांतून आलेले असतात. यंत्रे विकणाऱ्या दुकानदारांनीही व्हाइस आणि स्टार्टर यांच्याशिवाय ड्रिल मशीन विकू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त यंत्रशाळा पर्यवेक्षक, फोंडा