आई-बाबांना अमेरिकेला नीट पोचवणाऱ्या ताईंना, मनापासून

ताई, नमस्कार.

हे सगळ्यांसमोर लिहितेय कारण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, "अहो त्यात काय एवढं" म्हणता. त्यात खूप होतं ताई. आणि ते काय होतं ते इतरांनाही कळू दे.

आपली ओळख म्हणजे माझी आई आणि तुमची आई एका भिशीत, बास. मी तुम्हाला आजपर्यंत समोर पाहिलेलं नाही. तुम्ही न्यूजर्सीत, आम्ही जुळे सोलापूरला. माझ्या धाकट्या बहिणीची डिलिव्हरी जानेवारी २०२२ च्या शेवटाला होती, आई-बाबांची तिकिटं आधीच काढलेली, तेव्हा लस घेतलेल्यांना विमानाच्या आधी तीन दिवसांतली कोविडची टेस्ट चालायची. मग ओमायक्रॉन आला आणि ६ डिसेंबर २०२१ पासून अमेरिकेने ते तीन दिवस काढून एक दिवस केला, लस घेतलेली असो नसो. आता सोलापूरहून मुंबई चारशे किलोमीटर, सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर जायचं, त्यात तिसरी लाट सुरू, आरटीपीसीआरचा रिपोर्ट कुठे दुसऱ्या दिवशी तर कुठे त्याहून उशिरा. एका दिवसात बसवायचं कसं हे आम्हाला कोणालाच कळेना. बाबा तर म्हणाले रद्दच करू, बाळ काय पुढच्या वर्षीही दिसेल. हे म्हणताना त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तुम्ही फोनवर पहिला प्रश्न विचारला, "पहिल्या विमानाची तिकिटावर छापलेली तारीख सांगा, मेसेजमधली नको." आमच्याकडे सगळे १३ च्या रात्रीचं विमान असंच म्हणत होते, एजंटनेही १२ ला सोलापुरात टेस्ट करून निघा म्हणून सांगितलेलं. तिकिटावर होतं १४ जानेवारी, पहाटे दोन. तुम्ही म्हणालात मग टेस्ट १३ ला किंवा १४ लाच, १२ ची चालणार नाही, काउंटरवरूनच परत पाठवतील. आणि मग ते तारखेचं समजावलंत, की नियमात २४ तास नाहीत, एक दिवस आहे, म्हणजे आदल्या तारखेला सकाळी सातला केलेली टेस्टही चालते, तास मोजत बसायचं नाही. एवढ्या एका वाक्याने आमच्या घरातला निम्मा गोंधळ थांबला बघा.

दुसरं ते तिकिटाचं. नियम बदलला म्हणून एजंट तारखा पुढे ढकलून वेगळं काहीतरी सुचवत होता, मुंबई ते मधलं विमानतळ एक तिकीट आणि तिथून अमेरिका दुसरं, स्वस्त पडेल म्हणे, मध्ये एक रात्र थांबायचं. तुम्ही ठाम नाही म्हणालात. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर असतील आणि मधला थांबा २४ तासांच्या आत असेल तर टेस्टचा दिवस पहिल्या विमानापासून, म्हणजे मुंबईपासून मोजायचा. तिकिटं वेगळी केली की तो मोजायचा अमेरिकेत उतरणाऱ्या विमानापासून, मग निघण्याआधी इथे केलेली टेस्ट मधल्या विमानतळावर जुनी होते आणि तिथे या दोन म्हाताऱ्या माणसांनी, इंग्रजी जेमतेम, टेस्टसाठी कुठे फिरायचं? शिवाय तिथे बाहेर पडायला व्हिसा. हे एजंटला माहीत नव्हतं की त्याला सांगायचं नव्हतं कोण जाणे. पण तुम्ही सांगितलं नसतं तर आई-बाबा परक्या देशात अडकून बसले असते हे मला आजही आठवलं की धडधडतं.

रिपोर्ट लवकर मिळतो म्हणून अँटिजेन टेस्ट करायची ठरली, पण तिच्यावर बाबांचा विश्वास बसेना. सगळीकडे ऐकलेलं की परदेशी जायचं तर आरटीपीसीआरच. अमेरिकेला तेव्हा अँटिजेनही चालायची, फक्त घरच्या घरी केलेली नको, लॅबचा रिपोर्ट पाहिजे, हे मी सांगून ते ऐकले नाहीत, तुम्ही मात्र तुमची ऑफिसची वेळ असताना त्यांना फोनवर तो नियम ओळ ओळ वाचून मराठीत सांगितलात. बाबा मध्येमध्ये "पुन्हा सांगा" म्हणत होते आणि तुम्ही पुन्हा सांगत होता, आवाज जराही न चढवता. रिटायर झाल्यापासून बाबांशी इतक्या आदराने कोणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं.

आणि आईला तर तुम्हीच थांबवलंत. संक्रांत तोंडावर, सिद्धरामेश्वराचं दर्शन घेतल्याशिवाय ती पाऊल उचलणार नव्हती. तुम्ही म्हणालात, "काकू, आता पॉझिटिव्ह निघालात तर तिकीटही जाईल आणि बाळंतपणही हुकेल, आठ दिवस घरातूनच हात जोडा." माझं ऐकली नसती. रेल्वेही तुम्हीच नको म्हणालात, म्हणून १२ ला भावाने गाडीने ठाण्याला मावशीकडे नेलं.

१३ ला सकाळी मावशीच्या घराजवळच्या लॅबमध्ये टेस्ट. सोलापुरात आधी चौकशी केली तेव्हा एका लॅबने पासपोर्ट नंबर रिपोर्टवर येणार नाही म्हणून सांगितलेलं, त्यामुळे ठाण्यात मी फोनवरून त्या मुलाला तुमची यादीच वाचून दाखवली. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, मधल्या नावासकट, पुढे सौ. वगैरे काही नको. जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, टेस्टचा प्रकार, सॅम्पल घेतल्याची तारीख. त्याने बिचाऱ्याने सगळं घातलं आणि तासाभरात दोन्ही निगेटिव्ह रिपोर्ट हातात.

तुम्ही हाताने लिहून फोटो पाठवलेला तो कागद आम्ही प्रिंट काढून फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवला होता. "१. पासपोर्ट. २. रिपोर्ट. ३. लसीचं सर्टिफिकेट. ४. सही केलेला अमेरिकेचा फॉर्म, दोघांचा वेगळा." खाली मोठ्या अक्षरात, "कोणी आरटीपीसीआर मागितलं तर घाबरायचं नाही, मागचं पान दाखवायचं." आणि मागच्या पानावर तो नियम इंग्रजीत, अँटिजेनच्या ओळीखाली लाल रेघ.

काउंटरवर मागितलंच की ओ! बाबा काही बोलले नाहीत, पान उलटून पुढे सरकवलं. त्या मुलीने वाचलं, वरच्या माणसाला बोलावलं, त्याने वाचलं, आणि बोर्डिंग पास दिले. भाऊ बाहेर काचेतून बघत होता, त्याने मला फोनवर सांगितलं की बाबांनी वळून अंगठा दाखवला.

त्यानंतर १२ जून २०२२ ला तो टेस्टचा नियमच उठला. आई-बाबा परत येताना तर लसीचं सर्टिफिकेट एअर सुविधा या भारत सरकारच्या वेबसाइटवर चढवलं आणि काम झालं, तेही तुम्हीच बहिणीला समजावलेलं. लोक आता विसरले सगळं. पण त्या जानेवारीत माझ्या बहिणीला कळा सुरू झाल्या तेव्हा आई तिच्याजवळ होती, आणि ती तिथे होती ती तुमच्यामुळे. पैसे नाहीत, नातं नाही, ओळखही भिशीपुरती, तरी तुम्ही आमच्या तारखा स्वतःच्या घरच्यासारख्या मोजल्यात. मला याची परतफेड जमणार नाही आणि करायचीही नाही, ऋणातच राहायचंय.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी तुमच्या आईंकडे पोचवलीय, पुढच्या महिन्यात तुमचा भाऊ येतोय तिकडे तेव्हा तो आणेल. आणि बाबा रविवारी आपल्याकडे सकाळी फोन करणार आहेत, तुमच्याकडे शनिवारची रात्र असेल. त्यांना स्वतः बोलायचंय, त्यांच्यासमोर तरी विषय बदलू नका.

तुमचीच,
भिशीतल्या काकूंची थोरली
जुळे सोलापूर