नर्सिंगची शिडी आधी समजून घ्या

महोदय,

बारावीनंतर नर्सिंगकडे वळणाऱ्या मुलामुलींची पहिली चूक प्रवेशाआधीच होते : अकरावीत जीवशास्त्र सोडले जाते. मग चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचे दार बंद होते. तीन वर्षांचे जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, कोणत्याही शाखेतून करता येते, पण पदवीसाठी पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. लागते. बी.एस्सी.नंतर लगेच एम.एस्सी. मिळत नाही, निदान वर्षभराचा अनुभव हवा. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि तिचे नूतनीकरण चुकवू नये. परराज्यात जाताना हेच कागद अडतात.

बढतीची खरी तयारी मात्र वॉर्डात होते, आणि तिथेच आपण कमी पडतो. चांगली स्टाफ नर्स वॉर्ड सिस्टर, म्हणजे वॉर्डची प्रमुख, झाली की एकाएकी ड्युटी लावणे, इंडेंट (औषधे-सामानाची मागणी), क्रॅश कार्टची (तातडीच्या औषध-साधनांच्या गाड्याची) तपासणी, पाळी बदलताना रुग्ण सोपवणे हे सगळे तिच्या अंगावर पडते. शिकवलेली असते फक्त रुग्णसेवा. भारतीय नर्सिंग कौन्सिलचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव. ही राखीव संख्याच नसेल तर एक आजारी पडताच दुसरीला सलग दोन पाळ्या कराव्या लागतात, आणि औषधाच्या चुका अशाच थकव्यात होतात. गोव्यात बांबोळीपासून काणकोणपर्यंत प्रत्येक सरकारी रुग्णालयात नव्या सिस्टरला पदभार देण्याआधी किमान महिनाभर जुन्या सिस्टरसोबत काम करू द्यावे.

— एक परिचर्या शिक्षिका, फोंडा