मॉलमधल्या बोलिंगच्या मशीनवाल्या भाऊंना

भाऊ,
स. न. वि. वि.

फोनवर बोलले असते तर "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, तेही चार लोकांनी वाचावं असं.

लेक बोलिंग करते म्हटलं की आमच्या सोसायटीत अजून विचारतात, "फास्ट की स्पिन?" मॉलमधलं ते, दहा पिना पाडायचं, एवढंच मलाही माहीत होतं. ६० फुटांच्या त्या लेनवर तेल असतं हे तुम्ही बोट टेकवून दाखवलंत. मधल्या फळ्यांवर जाड, कडेला पातळ. म्हणून बॉल जरा बाहेर गेला तरी कोरड्यात पकड घेऊन आत वळतो. "हे गिऱ्हाइकांसाठी, ताई. संघनिवडीच्या ट्रायलला तेल सपाट असतं, तिथे चूक खपत नाही." इथे एका गेमला १८० मारणारी पोर तिथे १५० वर का घसरते, ते तेव्हा समजलं. मग मॅनेजरला विचारून, मॉल उघडायच्या आधी, कडेच्या लेनवर तुम्ही तिच्यासाठी तसं तेल लावत राहिलात.

आणि तो प्लॅस्टिकचा बॉल! स्टोअरमध्ये पडलेला, टवके उडालेला. जुनी भोकं बुजवून तिच्या बोटांच्या मापाने पुन्हा पाडून घेतलीत. तो वळत नाही, सरळ जातो, म्हणून कोपऱ्यातल्या दहा नंबरच्या पिनेसाठी. ट्रायलच्या बाराव्या गेमला तीच पिन उभी राहिली आणि त्याच बॉलने पडली. सहा जणींच्या संघात ती सहावी आली, ४ पिनांनी.

निवडीचा मेसेज आणि पैसे भरायचा मेसेज एकाच संध्याकाळी आले. प्रवास, हॉटेल, एंट्री फी, जर्सी, सगळं आपलं आपण. आठ दिवसांत भरा, नाहीतर सातवीला बोलावू. सातव्या मुलीचा यात काय दोष? संघटनेकडेही पैसा नसतो, हे मला कळतं. १९७८ साली बँकॉकच्या एशियाडमध्ये आलेला हा खेळ १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये नुसता प्रदर्शनापुरता होता; हांगझोऊच्या एशियाडमध्ये तर नव्हताच. पदक नाही तिथे प्रायोजक कुठून येणार? पण निवड पिनांवर आणि जाणं खिशावर, तर ट्रायल घेता कशाला, हा माझा राग अजून गेलेला नाही.

तिला नाही म्हणायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. तेवढ्यात तुम्ही पाकीट घेऊन दारात. "भिशी लागली याच महिन्यात." नंबर दुसऱ्याचा होता आणि तुम्ही तो बदलून घेतलात, हे मला नंतर शू-काउंटरवरच्या मुलीने सांगितलं.

उद्यान एक्स्प्रेसने बेंगळुरूला गेलो. सीटखाली दोन बॉल, मिळून तेरा-साडेतेरा किलो. टीसीने बॅग पायाने सरकवून पाहिली, सरकेना. मग उघडायलाच लावली. पोर यादीत बरीच खाली राहिली, पण एका गेमला २१४ मारले. स्कोअरचा फोटो तिने आधी तुम्हाला पाठवला, मग बाबांना.

शेवटचा हप्ता रविवारी आणून देते. बॉलही परत करायचं म्हटलं होतं, पण ती देत नाही. तुम्हीच बघा मागून.

तुमची,
ताई