आमचा संसार 44 पोत्यांचा

शिकागो
रविवार, 11 मे 2025

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
सुमीचा शि. सा. नमस्कार.

मागच्या रविवारी अण्णांनी फोनवर विचारलं, "सिअ‍ॅटलला घर हलवायला एकूण किती लागणार?" आणि मी "सांगते नंतर" म्हणून विषय आईच्या गुडघ्यांवर नेला. तेव्हा आकडा मलाच माहीत नव्हता. आता आहे. पण नुसता आकडा ऐकवला तर अण्णा रात्री झोपणार नाहीत, म्हणून तो कसा आला ते सगळं लिहून पाठवतेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय. आईला वाचून दाखव असं त्याला म्हटलं तरी अण्णा स्वतःच घेऊन बसतील, हेही माहीत आहे.

तर शिकागोहून सिअ‍ॅटल. रस्त्यानं 2,060 मैल, म्हणजे 3,300 किलोमीटरच्या वर. एकच मोठा हायवे आहे, आय-90 नावाचा. तो थेट सिअ‍ॅटलला जाऊन संपतो. आपल्याकडे कन्याकुमारीहून निघालेला माणूस एवढ्यात जम्मूच्या जवळपास पोहोचेल. विनायकची नवी नोकरी जुलैपासून आहे, ओवीची शाळा जूनच्या मध्यापर्यंत. उन्हाळ्यात इथं सगळेच घरं बदलतात, त्यामुळे मे ते सप्टेंबर सामान हलवणाऱ्यांचा भाव चढलेला. त्यातही महिनाअखेर आणि शनिवार-रविवार महाग. आम्ही मंगळवार धरला, 17 जून. आईनं पंचांग बघून कळवलं तरी तारीख बदलता येणार नाही, आधीच सांगते.

आता अण्णांच्या आवडीचा भाग. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सामान न्यायचं तर इथं बहुतेक कंपन्या वजनावर दर लावतात. रिकामा ट्रक काट्यावर घालायचा, सामान भरून पुन्हा घालायचा, मधला फरक तुमचा. मार्केट यार्डात तुम्ही चाळीस वर्षं दिवाणजी म्हणून जे केलंत तेच. मालकाला काट्यावर उभं राहून वजन बघायचा हक्क आहे. पोहोचल्यावर शंका आली तर उतरवण्याआधी पुन्हा वजन मागता येतं आणि त्याचे पैसे घेता येत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला भर दुपारी यार्डात हमालांशी वाद घालणारे तुम्ही दिसलात, हातात वही, कानाला पेन्सिल.

अंदाज काढायला कंपनीची बाई आली होती. हातात टॅब. प्रत्येक कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून बघितलं, बाल्कनीतल्या कुंड्यासुद्धा मोजल्या. निघाले 6,400 पौंड. किलोत 2,900. मी लगेच तुमच्या भाषेत करून बघितलं, 50 किलोची 58 पोती! दोन बेडरूमच्या घरात तीन माणसं आणि 58 पोती. दर सांगितला 7,680 डॉलर.

मग दोन आठवडे आम्ही तिघं एकमेकांशी भांडलो. सोफा विकला. जेवणाचं टेबल भुश्याच्या फळ्यांचं होतं, एकदा खोललं की पुन्हा नीट उभं राहत नाही, तेही गेलं. जुनी गादी, विनायकचे तीन मॉनिटर, ओवीची लहानपणची सायकल. मराठी पुस्तकं मात्र टाकली नाहीत. इथल्या टपाल खात्याचा पुस्तकांसाठी वेगळा स्वस्त दर आहे, मीडिया मेल म्हणतात. ट्रकपेक्षा कमी पडतो. मंद गतीनं जातात, पण पुस्तकांना कुठं घाई आहे.

माळ्यावरच्या कपाटात एक खोकं सापडलं. चिकटपट्टी तशीच, वर माझ्याच अक्षरात 'किचन, इतर'. 2019 मध्ये कोलंबसहून इथं येताना बांधलेलं, सहा वर्षं उघडलेलंच नव्हतं. आत तीन प्लॅस्टिकचे डबे, एक वाकडी झारी आणि आई, तुझा पितळी सोऱ्या. मी तुला सांगितलं होतं ना, प्रवासात हरवला म्हणून? आणि तू दुसरा पाठवलास? आता दोन झालेत. त्याच्या खोबणीत अजून वाळलेलं पीठ होतं, कोणत्या दिवाळीचं देव जाणे.

असं करत 4,900 पौंडांवर आलो. 44 पोती आणि थोडं वर. दर 5,900 डॉलर. म्हणजे पौंडाला सव्वा डॉलरच्या जरा आत, डॉलरला 85 रुपये धरले तर किलोला सव्वादोनशे रुपये. अण्णा, हा भाव सरसकट हळदीला लागला तर यार्डात पेढे वाटतील. हा आकडा डोक्यात बसल्यापासून मी घरातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन तोलते. परवा इस्त्री उचलली, दीड किलो, न्यायला साडेतीनशे रुपये. ठेवली. सहा स्टीलची ताटं उचलली. नेणार.

कागद नीट बघून सही केली, कारण मागच्या वेळी फसलो होतो. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. कोलंबसहून येताना ज्यांनी सामान आणलं त्यांनी 2,100 डॉलरचा अंदाज दिला होता आणि दारात ट्रक उभा करून 3,000 मागितले. नाहीतर सामान उतरवणार नाही म्हणाले. ओवी तीन वर्षांची, रडत होती. आम्ही दिले. नंतर कळलं की तो कागद बंधनकारक नसलेला अंदाज होता, आणि तशा वेळी दारात अंदाजाच्या 110 टक्क्यांपर्यंतच मागता येतात. म्हणजे 2,310. बाकीचं बिल 30 दिवसांनंतर पाठवायचं असा सरकारी नियम आहे. माहीत असतं तर विनायकनं ऐकवलं असतं. तो ऑगस्टचा महिना होता. त्याच आठवड्यात सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला 57 फुटांच्या वर गेलं आणि तुमचे फोन बंद पडले. 900 डॉलरचं दुःख कुणाला सांगणार होते मी.

या वेळी 'नॉट टू एक्सीड' असा करार घेतलाय. वजन जास्त भरलं तरी 5,900 च्या वर जायचं नाही, कमी भरलं तर कमी द्यायचे. अर्थात अंदाजाच्या यादीत नसलेली वस्तू ऐनवेळी ट्रकात चढवली की करार बदलतो, म्हणून ओवीला सांगून ठेवलंय की आता नवीन खेळणं नाही. आपल्याकडे यार्डातल्या बिलात, पट्टीत, हमाली, तोलाई वेगळी लागते तसं इथंही असतं. दारापासून ट्रक लांब उभा करावा लागला तर वेगळे, मोठा ट्रक गल्लीत शिरला नाही आणि छोटी गाडी लावावी लागली तर वेगळे. सिअ‍ॅटल चढउताराचं गाव आहे. नव्या घराच्या गल्लीचे फोटो आधीच मागवून कंपनीला पाठवले आणि हे खर्च करारात लिहून घेतले.

एकानं फोनवरच, घर न बघता, 3,400 सांगितले होते आणि अर्धे आगाऊ मागितले. तो दलाल निघाला, स्वतःचा ट्रकच नाही. इथं दलाल असणं गुन्हा नाही, पण ट्रक कुणाचा येणार हे त्यालाच माहीत नव्हतं. परवाना नंबर सरकारी वेबसाइटवर टाकला की मालवाहतूकवाला आहे की दलाल ते दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे.

स्वतः ट्रक भाड्यानं घेऊन चालवण्याचाही हिशेब केला. भाडं 3,100, ट्रक गॅलनला दहा मैल जातो, म्हणजे पेट्रोलचे साडेसातशेच्या वर, शिवाय चार मुक्काम, दोन्हीकडे हमाल, आणि आपली कार मागे ओढून न्यायची. दीड हजारांच्या आसपास वाचले असते. पण रॉकी पर्वत ओलांडून ट्रक नेणार कोण? विनायक? सातारचा असून खंबाटकी घाटात मागच्या सीटवर लिंबू हुंगत बसणारा माणूस.

आता विम्याची गंमत. फुकट मिळतं त्या संरक्षणात वस्तू हरवली-फुटली तर पौंडाला 60 सेंट मिळतात, वस्तू काहीही असो. म्हणजे आई, माझ्या लग्नातली पैठणी दोन पौंडांची, तिचे एक डॉलर वीस सेंट. आणि तू 2016 मध्ये बॅगेत घालून पाठवलेला दगडी खलबत्ता वीस पौंडांचा, त्याचे बारा डॉलर! त्याला ट्रकनं न्यायचे मात्र चोवीस. विनायक म्हणाला, तिकडे नवा मिळेल. मी म्हटलं, मिळेल. आम्ही 310 डॉलर जास्त भरून पूर्ण किमतीचं संरक्षण घेतलं, पण पैठणी, दागिने, पासपोर्ट आणि कागद आमच्याबरोबर कारमधून येतील. खलबत्तासुद्धा. ओवीच्या पायाशी बसतो, मापून बघितलं.

कारमधली जागा मोलाची आहे, कारण ट्रक आमच्याबरोबर पोहोचणार नाही. कंपनीनं लिहून दिलंय, निघाल्यापासून सात ते चौदा दिवसांत कधीही. तोवर रिकाम्या घरात राहायचं. म्हणून कुकर, दोन पातेली, फुगवायची गादी, चार ताटं, देव आणि मिसळणाचा डबा. आई, पुराच्या वेळी होडी आली तेव्हा तू जे घेऊन उतरलीस त्यापेक्षा ही यादी फार वेगळी नाही. तू देव्हारा आणि हळदीकुंकवाचा करंडा घेतला होतास, आणि अण्णांनी चोपड्या. दादा अजून सांगतो, कपडे कुणीच घेतले नव्हते.

आता जमाखर्च. ट्रक आणि विमा 6,210. खोकी-टेप 180, हमालांना बक्षिसी 200. कारचा प्रवास पेट्रोल, चार रात्रींचे मुक्काम, खाणं धरून 1,100. सिअ‍ॅटलच्या घराची अनामत 2,900, आणि तिथलं भाडं 21 जूनपासून सुरू, इथलं 30 जूनपर्यंत चालू, त्या दहा दिवसांचं दुहेरी भाडं 970. हेच मी आधी धरलंच नव्हतं. तिकडे गेल्यावर 30 दिवसांत लायसन्स आणि गाडीची नोंदणी बदलायची, पडदे, किराणा, इंटरनेट, असे 1,200. झाले 12,760. वर दहा टक्के अडीअडचणीला. 14,000 डॉलर.

विनायकची नवी कंपनी 8,000 देणार म्हणून आम्ही हवेत होतो. मग कळलं की 2018 पासून हे पैसे पगारासारखे करपात्र आहेत. 22 टक्के फेडरल, म्हणजे केंद्राचा, कर आधीच कापतात, वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणच्या पेन्शनचे आणि उपचारांचे, 7.65 टक्के. हातात येणार 5,600 च्या आसपास. कर कंपनीनं वरून भरावा असं नोकरी घेतानाच मागायचं असतं. आम्ही मागितलं नाही. विनायक दोन दिवस स्वतःवरच चिडला होता. सामान विकून 740 आले. म्हणजे आमच्या खिशातून 7,660, साधारण साडेसहा लाख रुपये. त्यातली अनामत परत मिळेल, आणि वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा कर नाही, इथं इलिनॉयमध्ये 4.95 टक्के जातो. विक्रीकर मात्र सिअ‍ॅटलला दहा टक्क्यांच्या वर. त्यामुळे अण्णा, लगेच बचत काढू नका.

कढीपत्ता मात्र मागे राहणार. कंपनी झाडं घेत नाही आणि कारमध्ये जागा नाही. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरून आणलेलं वीतभर रोप होतं, आता माझ्या खांद्याला लागतं. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू काकूंना दिलं. त्यांनी लगेच शेंडा खुडला, म्हणाल्या, असं केलं की पसरतं. सहा वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णा, तुम्ही जूनच्या आधी चोपड्या आणि शेतीचे कागद वरच्या मजल्यावर हलवले का? दादाला विचारलं तर तो नुसतं "बघतो" म्हणतो.

आम्ही 22 जूनला रविवारी पोहोचू, वाटेत फोन नाही लागला तर घाबरू नका, माँटानात लांबलांब टॉवर नसतात. त्यानंतर रविवारचा फोन बदलावा लागेल. आता इथं सकाळी नऊ वाजता केला की तुमचे साडेसात, जेवणाआधीची वेळ. सिअ‍ॅटलचं घड्याळ दोन तास मागे. म्हणजे मला सातला करावा लागेल. करीन. विनायक झोपलेला असेल, त्याच्याशी बोलायचा आग्रह धरू नका.

आणि आई, भडंगाचं पार्सल आत्ता पाठवू नकोस. नवा पत्ता आल्यावरच. लसूण जरा जास्त घालायला सांग.

तुमची,
सुमी