दंगलीशिवायचे फोटो पण छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जागतिक छायाचित्रण दिनाची तुमची पुरवणी वाचली, चांगली होती, छपाई पण या वेळी बरी. पण चळवळीतल्या फोटोंचं जे पान होतं त्यात अमेरिकेतल्या ब्लॅक समाजाच्या वाट्याला काय आलं, तर अंगावर सोडलेले पोलिसांचे कुत्रे, पाण्याचे फवारे, जळणारी दुकानं आणि शेवटी भाषण करणारे मार्टिन ल्यूथर किंग. झालं. म्हणजे या लोकांनी एकतर मार खायचा नाहीतर भाषण द्यायचं, मधल्या वेळात ते जेवतात का, त्यांच्यात लग्नं होतात का, पोरं कुठल्या शाळेत जातात, वाचकाला कळायला मार्गच नाही. मी मिरजेत फोटो स्टुडिओ चालवला, बारशापासून बाराव्यापर्यंत लोकांच्या घरात कॅमेरा घेऊन वावरलोय, त्यामुळे मला हे जरा जास्तच लागलं म्हणा.

माझं म्हणणं एवढंच आहे की घरातला, गल्लीतला, चर्चला जायच्या तयारीतला फोटो हा पण चळवळीचाच फोटो असतो, आणि हे त्या समाजातल्या फोटोग्राफरांना फार आधी कळलं होतं. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ब्लॅक समाजातले अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी ब्लॅक अमेरिकनांचे साडेतीनशेच्या वर फोटो नेले होते, त्यात दुकानं, घरं, विद्यार्थी, नीट कपडे घालून बसलेल्या बायका. लिंचिंगचा, म्हणजे जमावाने ब्लॅक माणसांना मारून टाकायचा काळ तो, झाडाला टांगलेल्या माणसांच्या फोटोंची पोस्टकार्डं विकली जायची तिकडे. त्या पोस्टकार्डांना हे उत्तर होतं.

आता त्याच समाजातला फोटोग्राफर गॉर्डन पार्क्स. कॅन्सासमधल्या फोर्ट स्कॉटचा, जन्म 1912, पंधरा भावंडांत धाकटा, गहाणवटीच्या दुकानातून कॅमेरा घेऊन स्वतःच शिकलेला. 1942 मध्ये वॉशिंग्टनला सरकारी फोटो विभागात आला तर देशाच्या राजधानीत त्याला हॉटेलात जेवण मिळेना, थिएटरात घेईनात, दुकानात कोट विकत देईनात. चिडून साहेबांकडे गेला, तेव्हा रॉय स्ट्रायकर साहेबांनी सांगितलं की याच ऑफिसात साफसफाई करणाऱ्या बाई आहेत त्यांच्याशी जाऊन बोल. त्या एला वॉटसन. मागे अमेरिकेचा झेंडा, हातात झाडू, शेजारी पोछा, असा फोटो त्याने काढला, तो जगभर गेला, साहेब म्हणाले हा बघून आपल्या सगळ्यांची नोकरी जाईल. तुमच्या पुरवणीत तोही नव्हता, पण ते असू दे. मला सांगायचंय ते पुढचं. पार्क्स त्या एका फोटोवर थांबला नाही, त्या बाईंच्या मागे त्यांच्या घरी गेला, चर्चमध्ये गेला. वर्षाला 1080 डॉलर पगार आणि त्यात सगळं घर चालवायचं. एका फोटोत बाई आतल्या खोलीत नातवंडांना घेऊन बसल्यात, ते दाराच्या चौकटीतून दिसतं, आणि अलीकडे ड्रेसिंग टेबलच्या आरशात त्यांची मानलेली मुलगी दिसते, शेजारी जुना फ्रेम केलेला फोटो. एका फ्रेममध्ये एवढी माणसं बसवायची आणि आरशात स्वतः दिसायचं नाही, हे किती अवघड असतं ते कॅमेरावाल्याला विचारा. आणि ही झाडूवाली बाई घरी गेली की कोण असते, ते झेंड्याच्या फोटोतून कळत नाही, इथे कळतं.

1956 मध्ये लाइफ साप्ताहिकासाठी हाच माणूस अलाबामात गेला. बसमधल्या काळ्या-गोऱ्या भेदभावाविरुद्धच्या बहिष्काराचा काळ, सगळे मोर्चे टिपत होते, हा मात्र एका मोठ्या कुटुंबात जाऊन राहिला आणि कलरमध्ये फोटो काढले. मोबाइल शहरातले म्हातारा-म्हातारी सोफ्यावर बसलेत, चांगले कपडे, आणि वर भिंतीवर त्यांचाच लग्नाचा फोटो. हा फोटो मी किती वेळा बघितला असेल, कारण अशी घरं मी आमच्याकडे पण बघितलीत, भिंतीवरचा फोटो हा घरातला सगळ्यात मानाचा माल असतो. आणि त्याच मालिकेत दुकानाबाहेर एक बाई आणि छोटी मुलगी, दोघी अगदी नटून उभ्या आणि डोक्यावर निऑनची पाटी, काळ्यांसाठी वेगळं दार. पाटी तशीच असते हो, पण त्या ड्रेसमुळे ती जास्त टोचते.

हे फुकट झालं नाही हेही लिहा कधी. 24 सप्टेंबर 1956 च्या अंकात ते फोटो आले आणि त्यातल्या एका शाळेतल्या बाईंची नोकरी गेली, त्या कुटुंबाला गाव सोडावं लागलं. फोटोग्राफर विमानाने परत जातो, फोटोतला माणूस तिथेच राहतो. अर्थात फोटोग्राफर गावातला असला म्हणजे सगळं निभावलं असंही समजू नका. मेम्फिसचे अर्नेस्ट विदर्स तिथलेच. 1968 मध्ये 'मी माणूस आहे' अशा पाट्या घेऊन उभ्या राहिलेल्या सफाई कामगारांचा फोटो त्यांचा, आणि 2010 मध्ये बाहेर आलं की हेच एफबीआयला, म्हणजे सरकारच्या तपास यंत्रणेला, खबर पुरवत होते. फोटो तरी खोटा ठरत नाही, पण बघताना घास अडकतो.

पिट्सबर्गच्या टीनी हॅरिसचं नाव मात्र तुमच्या वाचकांनी ऐकलं पाहिजे. पिट्सबर्ग कुरिअर या ब्लॅक लोकांच्या पेपरचा फोटोग्राफर, तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या ब्लॅक वस्तीतच वाढलेला. महापौरांनी त्याला 'वन शॉट' नाव ठेवलं होतं, कारण बाकीचे दहा वेळा फ्लॅश मारायचे आणि हा एकदाच मारून निघायचा. लग्नं, बेसबॉल, जॅझ क्लब, वाढदिवस, संप, सगळं, जवळपास 80,000 निगेटिव्ह. आणि 1950 च्या दशकात त्याच हिलचा खालचा भाग स्टेडियमसाठी पाडला, आठेक हजार माणसं उठवली. आता ती वस्ती आहे कुठे तर हॅरिसच्या निगेटिव्हमध्ये. कार्नेगी म्युझियमने 2001 मध्ये ते सगळं घेतलं आणि जुन्या रहिवाशांना बसवून विचारलं की हा कोण, ही कोणाची मुलगी. झोपडपट्टीच होती ती, पाडली ते बरं केलं, असं कोणी म्हणालं तर समोर फोटो ठेवता येतात. यापेक्षा मोठा मोर्चा कुठला?

आणि एक गोष्ट स्टुडिओवाल्याच्या नजरेतून. कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड असायचं, तिची त्वचा बरोबर आली की प्रिंट पास. त्यामुळे सावळा चेहरा काळा मारायचा, फक्त डोळे आणि दात दिसायचे. फरक कधी पडायला लागला माहितीये का, लाकडी फर्निचर आणि चॉकलेटवाल्या कंपन्यांनी ओरड केली तेव्हा, आमचा माल जाहिरातीत नीट दिसत नाही म्हणून! माणसांची तक्रार चालली नाही, चॉकलेटची चालली. आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणायचं जरा गोरं करून द्या, त्यात सगळी चूक गिऱ्हाइकाची नव्हती. म्हणून न्यूयॉर्कच्या रॉय डीकाराव्हाने हार्लेम या ब्लॅक वस्तीतले चेहरे मुद्दाम अंधाऱ्या, करड्या छटेत ठेवून प्रिंट केले त्याचं मला फार कौतुक आहे, उजळवायचा मोह कसा असतो ते मी जाणतो.

तुम्ही म्हणाल हे तिकडचं, आपल्याला काय. तर 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन आली, ते तुमच्याच पेपरात अनेकदा छापून आलंय. फोटोग्राफर सुधारक ओलवेंनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलंय, पद्मश्री पण मिळाली. आणि तरी तुमच्या पानावर त्या वस्त्या दिसतात त्या 6 डिसेंबरला गर्दी म्हणून, नाहीतर कोणी गटारात गुदमरून गेला की.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या रविवारी एला वॉटसन यांचा तो आरशाचा फोटो छापा, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहे, सरकारी काम असल्यामुळे पैसे पडत नाहीत. स्टॅम्पएवढा नको, निदान पाव पान, आणि खाली 'सफाई कामगार महिला' असं न लिहिता बाईंचं नाव लिहा.

कळावे,
एक जुना वाचक, मिरज